लेकीचे कपडे लेकाला यावेत म्हणून

लहान मुलांच्या रोजच्या कपड्यांत ‘मुलाचे’ आणि ‘मुलीचे’ अशी जी विभागणी आपण करतो, ती मुलांच्या शरीराच्या गरजेतून आलेली नाही, याची पुरती खात्री मला दोन मुलांचे कपडे स्वतः उभे राहून शिवून घेताना पटली. माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा चार वर्षांचा. आम्ही सोलापुरात राहतो. थोरलीला अपुरे झालेले कपडे धाकट्याला घालावेत ही घरोघरची रीत आहे आणि ती आमच्याकडेही चालेल असे आम्हा दोघांना वाटत होते. परंतु मुलगी शाळेत जाऊ लागल्यापासून ट्रंकेत जमा होत गेलेले तिचे निम्म्याहून अधिक कपडे धाकट्याला घालता येणार नाहीत, असे घरातल्या आणि शेजारपाजारच्या सर्वांचे मत पडले. ते कपडे फाटलेले नव्हते, विटलेलेही नव्हते. एकाच्या बाहीला झालर होती, दुसऱ्याच्या छातीवर टिकल्यांचे फुलपाखरू होते, तिसऱ्याच्या गळ्याला लेस होती. उलट दिशेला मात्र कोणतीच आडकाठी नव्हती. मुलीने तिच्या चुलतभावाचे सदरे आणि अर्ध्या चड्ड्या खुशाल वापरल्या आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. बहिणीचा कपडा भावाने घालणे तेवढे खाली उतरल्यासारखे मानले जाते, आणि चार वर्षांच्या मुलाला ही समजूत कपड्यांतून शिकवली जावी हे मला अजिबात मान्य नव्हते. म्हणून दोघांनाही चालतील असे रोजचे कपडे करायचे मी ठरवले.

आधी तयार कपडे शोधले. नवी पेठेतल्या दुकानांत मुलांचा आणि मुलींचा भाग वेगळा असतो, आणि दोन्हीकडचे एकाच वयाचे, एकाच कंपनीचे सुती टी-शर्ट घरी आणून टेबलावर एकमेकांवर ठेवले, तेव्हा मुलीचा शर्ट लांबीला आखूड, कमरेशी निमुळता आणि बाहीला जेमतेम खांदा झाकणारा निघाला. कापडही त्याचे अधिक पातळ होते. मुलींच्या पँटला खिशाच्या जागी नुसती टीप मारलेली होती. बोट घालायला गेले तर आत खिसाच नव्हता. फ्रॉकचा हिशोब तर आणखी वेगळा आहे. फ्रॉक हा एक कपडा म्हणून विकत घेतला जातो, पण मुलगी खेळणारी असेल तर त्याच्या आत घट्ट सायकलिंग शॉर्ट्स घालावीच लागते, म्हणजे चाळिशीच्या वर पारा जाणाऱ्या उन्हाळ्यात तिच्या अंगावर कमरेखाली दोन थर येतात, आणि तरीही तिला दिवसभर ‘नीट बस’ असे ऐकावे लागते ते लागतेच. मुलांच्या भागात शिवण भक्कम होती, खिसे खरे होते, परंतु रंग मात्र निळा, करडा आणि काळा एवढ्यातच संपत होते, आणि छातीवर मोटारी किंवा दात विचकणारे प्राणी नसलेला सदरा शोधून काढावा लागत होता. दोघांसाठी म्हणून एका दुकानदाराने डांगरी दाखवली. दिसायला ती छान असते, परंतु शौचाला जाताना खांद्यापासून सगळा कपडा उतरवावा लागतो, आणि बालवाडीतल्या मुलाला ते एकट्याने वेळेत जमत नाही. रोजच्या वापरासाठी तो कपडा मी दोघांनाही घेणार नाही.

यानंतर काही दिवस मी मुलांच्या हालचालींकडे मुद्दाम लक्ष दिले, कारण कपडा कशासाठी हवा हे ठरल्याशिवाय तो कसा हवा हे सांगता येत नाही. दोघेही उकिडवे बसतात, जिन्याच्या कठड्यावर चढतात, घसरगुंडीवरून पोटावर घसरतात, अंगणात गुडघ्यांवर रांगत गोट्या खेळतात, दुपारी फरशीवर लोळतात आणि जेवताना हात पँटला पुसतात. आमच्या भागातली काळी माती पावसाळ्यात कपड्याला चिकटली की पांढऱ्या कापडावरून ती पुरती कधीच जात नाही. दोघांनाही खिशात काही ना काही ठेवायचे असते. दोघांच्याही कपड्यांना सर्वांत आधी गुडघ्यावर भोक पडते, मग आसन उसवते, आणि कुंपणाच्या तारेला अडकून खोंबारा जायचा तो बाहीला जातो. या सगळ्यात मुलीचे म्हणून वेगळे असे मला काहीही आढळले नाही.

शरीराचे माप तरी वेगळे असेल, असे माझ्या पतींचे म्हणणे होते, म्हणून तेही पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीची जी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांसाठी सहा देशांतील मुलांची मापे घेतली होती आणि त्यांत दिल्लीची मुलेही होती. त्या तक्त्यांप्रमाणे पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची मध्यम उंची ११० सेंटिमीटर आणि मुलीची १०९.४ सेंटिमीटर आहे; वजन अनुक्रमे १८.३ आणि १८.२ किलो. डोक्याचा घेर मुलाचा ५०.७ आणि मुलीचा ४९.९ सेंटिमीटर. सातव्या वर्षीही उंचीतला फरक एका सेंटिमीटरहून कमीच राहतो. एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या उंचीत याच्या कित्येक पट फरक असतो. हे आकडे वाचल्यावर दुकानातल्या त्या आखूड, निमुळत्या टी-शर्टला शरीराचा कोणताही आधार उरला नाही. मुलींची झपाट्याची वाढ साधारण दहा-अकराव्या वर्षी आणि मुलांची बारा-तेराव्या वर्षी सुरू होते, तेव्हा कंबर, नितंब आणि छाती यांची मापे वेगळी होतात आणि कपड्याचा बेतही वेगळा करावा लागतो. त्याआधीच्या वयासाठी एकच बेत पुरेसा आहे, आणि माझे हे सगळे लिहिणे त्याच वयापुरते आहे.

सासूबाईंना हा प्रकार नवा वाटला नाही. त्यांनी कपाटातून दोन्ही नातवंडांनी वापरलेली झबली काढून दाखवली. मऊ, धुऊन धुऊन विरत आलेल्या धोतराची ती झबली. बटण नाही, पाठीशी बंद, शिवण बाहेरच्या बाजूने, म्हणजे कोवळ्या अंगाला टोचू नये. झबले, टोपडे, दुपटे, कुंची यांपैकी कशातही मुलगा की मुलगी हा प्रश्न कधी आला नाही, आणि घरातले एकच झबले पाठोपाठच्या पाच-सहा मुलांच्या अंगावर गेलेले त्यांनी पाहिले होते. बंदांचा आणखी एक उपयोग त्यांनी सांगितला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे लोक जी पांढरी बाराबंदी घालतात, ती बंद सैल-घट्ट करून वेगवेगळ्या अंगांना बसते. वाढत्या मुलाच्या कपड्यालाही असेच काहीतरी सैल-घट्ट करण्याचे साधन हवे, ही कल्पना मला त्यांच्याकडून मिळाली आणि पुढे ती पँटच्या कमरेसाठी उपयोगी पडली.

सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा उद्योग मोठा आहे, आणि आमच्या ओळखीच्या एक बाई पूर्व भागात घरालगतच्या खोलीत चार-सहा यंत्रे टाकून गणवेशांचे काम घेतात. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मी काय हवे ते सांगायला लागले तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून विचारले, “ताई, मुलाचं की मुलीचं ते आधी सांगा, मग कापते.” त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता, कारण सदऱ्याच्या बटणपट्टीची बाजू त्यावर ठरते: पुरुषांच्या सदऱ्याला बटणे उजव्या बाजूला आणि बायकांच्या डाव्या बाजूला लावण्याची पद्धत आहे, आणि तीच पद्धत तीन वर्षांच्या मुलांच्या कपड्यांपर्यंत पाळली जाते. उजव्या हाताने काम करणाऱ्या मुलाला बटणे उजवीकडे असली की स्वतःची स्वतः लावणे थोडे सोपे जाते, असे अक्कांचेच म्हणणे पडले. मग मुलीलाही तीच सोय का नसावी? आम्ही दोघांसाठी उजवी बाजू ठेवली, आणि धाकट्याच्या रोजच्या सदऱ्याला पुढे बटणे न ठेवता डाव्या खांद्यावर दोन टिचबटणे लावायची असे ठरले.

कापड निवडण्यात बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. सदऱ्यासाठी पॉपलिन, केंब्रिक आणि होजियरी असे तीन पर्याय होते. केंब्रिक अंगाला सुखद असते, पण कुंपणाला अडकले की सरळ फाटते. होजियरी ताणते, लवकर वाळते आणि इस्त्री मागत नाही, म्हणून शाळेनंतरच्या वेळेसाठी तीच घेतली, आणि वजनाला प्रति चौरस मीटर १८० ग्रॅमची, कारण त्याहून पातळ होजियरी काही धुण्यांतच खांद्यावरून सैल होऊन लोंबते. बाहेर जाण्याच्या सदऱ्यांसाठी पॉपलिन. पँटसाठी डेनिमचा आग्रह दुकानदार धरत होता. आमच्या हवेत ते अंगावर ओझे होते आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. शेवटी तिरप्या विणीचे, ५८ इंच पन्ह्याचे सुती ट्विल घेतले. सगळे कापड घरी आणून रात्रभर भिजवले, पाण्यातून काढून सावलीत वाळवले आणि मगच अक्कांकडे नेले. बाजारात बहुतेक वेळा कापड न आटवता शिवले जाते, आणि पहिल्या धुण्यात पँट घोट्याच्या वर चढते, त्याचे मूळ यातच आहे. कृत्रिम धाग्याचे कापड आटत नाही हे खरे. पण ते घाम टिपत नाही, आणि दिवाळीत ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते, म्हणून जाळीचे आणि नायलॉनचे काहीही घ्यायचे नाही हे मी आधीच ठरवले होते.

नमुन्याची पहिली पँट शिवून झाली तेव्हा अक्कांनी ती मुलीला घालायला लावली आणि तिला उकिडवे बसायला सांगितले. पाठीमागून पँट खाली सरकली. अक्कांनी लगेच सांगितले की उभ्या माणसाच्या मापाने कापलेली पँट बसलेल्या मुलाला कधीच पुरत नाही. मागच्या बाजूची उंची पुढच्यापेक्षा दोन इंच अधिक हवी, आणि आसनात चार शिवणी एका ठिकाणी येऊ न देता तेथे शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जोडला पाहिजे, म्हणजे पाय कितीही फाकले तरी ताण एका टिपेवर येत नाही. आसनातला हा तुकडा आणि बगलेतला तसाच चौकोनी तुकडा या दोन गोष्टींनी सर्वाधिक फरक पडला. बगलेतल्या तुकड्यामुळे हात वर केला तरी सदरा पोटावरून वर चढत नाही. जुन्या पद्धतीच्या सदऱ्यांत असा तुकडा असायचा; यंत्रावर भराभर शिवताना तो वेळ खातो म्हणून गाळला गेला.

गुडघ्यांवर आतून दुहेरी कापड लावायचे होते. ते पँट शिवून झाल्यावर लावता येत नाही, कारण लहान मुलाच्या पँटची नळी यंत्राच्या पायाखाली सपाट राहत नाही. बाजूची शिवण घालण्यापूर्वी, कापड पसरलेले असतानाच ते जोडून घ्यावे लागते. कमरेसाठी नेफ्यात काजे असलेले इलास्टिक ओवले आणि आतल्या बाजूला दोन्हीकडे एकेक बटण लावले. मूल बारीक असेल तर इलास्टिक दोन काजे ओढून घ्यायचे, वाढले की सोडायचे. बाराबंदीच्या बंदांचे काम येथे या काजांनी केले. चेन मुद्दाम ठेवली नाही; चार वर्षांच्या मुलाला ती घाईत लावता येत नाही आणि इजा होण्याचा धोका असतो.

लांबीचा हिशोब असा केला. या वयात मूल वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर वाढते आणि त्यातली निम्मी वाढ पायांची धरली, तर तळाशी दोन इंच कापड आत दुमडलेले असले की पँट दीड वर्ष सहज पुरते. दुमड लांब टाक्यांनी घातली, म्हणजे घरीच उसवता येते. बाजूच्या शिवणींतही नेहमीपेक्षा जास्त माया सोडली. दुमड उलगडल्यावर जुन्या घडीची फिकट रेघ उरते आणि ती पाहून कपडा वाढवलेला आहे हे कळते. अक्कांनी त्यावर त्याच रंगाच्या जाड दोऱ्याने दोन टिपा मारून दिल्या आणि ती रेघ नक्षीसारखी दिसू लागली.

खिशांबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण माझ्या मते मुलीच्या कपड्यात खिसा नसणे ही सर्वांत मोठी उणीव आहे. मुलीचा रुमाल शाळेत जाताना छातीवर पिनेने अडकवला जात असे. तिच्याच वर्गातल्या मुलांचे रुमाल खिशात असत. पेन्सिलीचा तुकडा, घराची किल्ली, सुट्टीत घेतलेले चिंचेचे बुटुक हे सगळे ती मुठीत धरून खेळत असे, आणि मूठ बंद असलेल्या मुलाला दोरीवर उडी मारता येत नाही, पकडापकडीत खांबाला धरता येत नाही. आम्ही प्रत्येक पँटला दोन बाजूंचे खिसे केले, पाच इंच खोल, आत भक्कम दोसुतीचे अस्तर, आणि तोंडाच्या दोन्ही टोकांना घट्ट टाके, कारण खिसा नेहमी तेथूनच फाटतो. पहिल्या आठवड्यातच रुमालाची पीन सुटली. धुण्याआधी खिसे उलटे करून वाळू झाडणे हे एक काम वाढले आहे, पण ते मुले स्वतः करतात.

एके ठिकाणी मी अक्कांचे म्हणणे मानले नाही. थंडीच्या टोपीच्या सदऱ्याला गळ्याशी दोरी आणि तिला मणी लावायचे त्यांच्या मनात होते, कारण गिऱ्हाइकांना ते आवडते. कपड्याला लोंबणारी दोरी घसरगुंडीच्या फटीत किंवा बसच्या दारात अडकून मुलांचे जीव गेलेले आहेत, आणि युरोपात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी किंवा गळ्याशी दोरी नसावी असे ईएन १४६८२ हे प्रमाण सांगते. आपल्याकडे दुचाकीच्या चाकात ओढणी अडकण्याचे अपघात सर्वांना माहीत आहेत. हे ऐकल्यावर अक्कांनी दोरी तर काढलीच, शिवाय दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही हे सांगायला सुरुवात केली.

रंग मुलांनी निवडले. बाहेर देशांत दोघांना चालणारे कपडे म्हणून जे विकले जाते ते बरेचदा राखाडी आणि मातकट रंगांचे असते; मला मुलांकडून रंग काढून घ्यायचे नव्हते, सगळे रंग दोघांना द्यायचे होते. मुलीने मोरपंखी आणि विटकरी घेतले, मुलाने डाळिंबी आणि जांभळा. जांभळा गडद असल्यामुळे मातीचे डागही लपवतो. डाळिंबी पँट पाहून एका नातेवाइकांनी हा मुलीचा रंग आहे असे ठामपणे सांगितले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना शांतपणे विचारले की गौरी-गणपतीला तुमचे वडील कोणत्या रंगाचे सोवळे नेसून पूजा करत होते, आणि लग्नात तुम्ही स्वतः कोणत्या रंगाचा फेटा बांधला होता. सोवळे डाळिंबी होते आणि फेटा गुलाबी. गुलाबी मुलीचा आणि निळा मुलाचा ही वाटणी जिथून आपल्या दुकानांत आली, त्या अमेरिकेतसुद्धा ती फार जुनी नाही. तिथल्या बालकपड्यांच्या व्यापाराच्या एका नियतकालिकाने जून १९१८ मध्ये गुलाबी हा अधिक ठसठशीत रंग असल्यामुळे तो मुलांना आणि नाजूक निळा मुलींना शोभतो, असे छापले होते.

त्रास अगदीच झाला नाही असे नाही. बालवाडीत एका मुलाने धाकट्याच्या जांभळ्या पँटला ‘पोरींची पँट’ म्हटले आणि तो घरी येऊन ती घालायला नको म्हणू लागला. आम्ही त्याला आग्रह केला नाही. ती पँट बाजूला ठेवली. त्याच्या बाईंनी वर्गात सर्वांना आपापल्या आवडीचा रंग विचारला, दोन मुलग्यांनी जांभळा सांगितला, आणि काही दिवसांनी त्याने ती स्वतःहून मागितली. मुलीला वाढदिवसाला आणि लग्नाकार्यात घेरदार फ्रॉक किंवा परकर-पोलके हवे असते, आणि ते आम्ही आनंदाने घेतो. सणाचा कपडा मिरवण्यासाठी असतो, त्याला घेर असावा, जरीकाम असावे, तो मुलालाही हवा असेल तर त्यालाही मिळावा. मी केवळ वर्षातल्या उरलेल्या दिवसांबद्दल बोलते आहे, जेव्हा मुलांना धावायचे असते.

शाळेचा गणवेश हा त्या उरलेल्या दिवसांचा मोठा भाग व्यापतो, त्यामुळे तिथे बोलणे भाग होते. मुलीच्या शाळेत मुलांना अर्धी पँट आणि मुलींना पिनाफोर, म्हणजे सदऱ्यावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक, होता. पालकसभेत मी केरळमधल्या वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेचे उदाहरण दिले. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या या शाळेने २०१८ मध्ये सर्व मुलामुलींना गुडघ्याखाली येणारी पाऊण पँट आणि सदरा असा एकच गणवेश केला, आणि तो पालकांशी बोलून केला. केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षणही मी मांडले: बहुतेक शाळांत गणवेश असलेल्या देशांमध्ये, रोज तासभर हालचाल करणाऱ्या प्राथमिक वयाच्या मुलामुलींच्या प्रमाणातली दरी ९.८ टक्क्यांची आढळते, तर गणवेशाची सक्ती कमी असलेल्या देशांत ती ५.५ टक्क्यांची आहे. यावरून गणवेशामुळेच मुली कमी खेळतात असे सिद्ध होत नाही, हे मी सभेत सांगितले आणि अभ्यासकांनीही तसा दावा केलेला नाही. पण पिनाफोर घातलेली मुलगी जाळीच्या शिडीवर चढताना खाली कोण उभे आहे ते पाहते, हे मैदानावर कोणालाही दिसते. काही पालकांना खर्चाची काळजी होती, काहींना परंपरेची. एका आजोबांनी विचारले की मग मुलींनी मुलीसारखे दिसायचेच नाही का. मी त्यांना सांगितले की पिनाफोर काढून टाकावा असे माझे म्हणणे नाही, ज्या मुलीला पँट हवी तिला ती घालता यावी एवढेच आहे, आणि ज्यांना पिनाफोर हवा त्यांच्या पिनाफोरला खिसे असावेत. सर्वांत जोरदार पाठिंबा दोन मुलींच्या एका वडिलांकडून मिळाला, जे दोघींना दुचाकीवरून शाळेत सोडतात. मुख्याध्यापिकांनी दोन्ही सूचना मान्य केल्या. यंदा जूनपासून मुलींना दोन्हींपैकी काहीही घालता येते, आणि पँटचे कापड मुलांच्या पँटचेच आहे.

एका पँटला कापड आणि शिलाई धरून सुमारे साडेतीनशे रुपये पडले. बाजारात यापेक्षा स्वस्त पँट मिळते, परंतु ती एका मुलाला आठ-दहा महिने पुरते, आणि या पँट मुलीने वापरून झाल्यावर मुलगा वापरतो आहे. ज्यांना एकच मूल आहे त्यांना हा हिशोब लागू होणार नाही, त्यांच्यासाठी कापडाचा टिकाऊपणा आणि वाढवता येणारी दुमड एवढाच फायदा उरतो, आणि तोही कमी नाही असे मला वाटते. ज्यांच्या ओळखीत अक्कांसारखे कोणी नाही त्यांनी तयार कपडे घेताना मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही भागांत जाऊन पाहावे, खिशात बोट घालून पाहावे, आसन आतून उलटे करून शिवण तपासावी आणि मुलाला दुकानातच उकिडवे बसवून पाहावे.

अक्कांनी आता या बेताचे जाड कागदाचे नमुने कापून ठेवले आहेत आणि त्यांच्याकडे आमच्या शाळेतल्या आणखी पालकांची कामे आली आहेत. कपड्याच्या आत चिठ्ठी लावताना तिच्यावर काय लिहायचे हा प्रश्न त्यांना पडला. वय लिहिले तर एकाच वयाच्या मुलांच्या उंचीत फार फरक असतो. म्हणून युरोपात लिहितात तशी सहा-सहा सेंटिमीटरच्या टप्प्यांनी उंची लिहायची असे ठरले: १०४, ११०, ११६, १२२. पुढचा १२८चा नमुना करताना मुलीच्या नितंबांजवळ अर्धा इंच माया अधिक सोडावी की नको यावर आमचे बोलणे चालू आहे. अक्का म्हणतात सोडावी, म्हणजे नववे-दहावे वर्षही त्याच पँटमध्ये निघेल, आणि मुलाला ती सैल झाली तर कमरेचे काजे आहेतच.